थिल्लरपणाची हद्द

जुन्या मराठीत 'थिल्लर' म्हणजे डबके, पावसानंतर खड्ड्यात साचणारे आणि घोटाही न बुडवणारे पाणी. पुढे हा शब्द पाण्यावरून माणसांवर आला आणि ज्याच्या बोलण्याला खोली नाही, वागण्याला पोच नाही, तो थिल्लर ठरला. त्याच्या शेजारी उथळ, छचोर, बाष्कळ, पाचकळ, चहाटळ, पोरकट अशी विशेषणांची लांबलचक रांग मराठीने उभी केली आहे, आणि 'टवाळा आवडे विनोद' हे समर्थांचे वचन तर विनोदाची बाजू घेणाऱ्याला गप्प करण्यासाठीच जणू पाठ केले जाते. यांतला एकही शब्द माणूस सहसा स्वतःसाठी वापरत नाही. थिल्लर नेहमी दुसराच असतो. म्हणून एखादी गोष्ट थिल्लर आहे की नाही हे ठरवण्याआधी तिला तसे म्हणणारा कोण आहे, हे पाहून घ्यावे लागते.

माझ्यापुरती थिल्लरपणाची व्याख्या अशी आहे: समाजाने ज्या गोष्टीला वजन दिले आहे तिला ते न देणे, आणि जिला दिलेले नाही तिला ते देऊन बसणे. सिंहासनापेक्षा टोपीच्या कडेची काळजी करणारा माणूस थिल्लर, आणि शोकसभेत यमक जुळवणाराही थिल्लर. पण कशाला किती वजन द्यायचे हे ठरवणे हेच तर सत्तेचे मुख्य काम. तेव्हा हे वजनमाप कुणी परस्पर बदलू लागला की सत्तेला ते बोचते, मग बदलणाऱ्याच्या मनात राजकारण असो वा नसो. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने डिसेंबर १६७५ मध्ये देशातली कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले, कारण रिकामटेकडी माणसे तिथे बसून वाटेल ते बोलत होती. ओरड इतकी झाली की अंमलबजावणीच्या तारखेआधीच ते फर्मान मागे घ्यावे लागले. रिकामटेकड्यांच्या गप्पांना राजाने दिलेले ते वजन त्या गप्पांनी स्वतःहून कधी मागितले नव्हते.

याहून कडू उदाहरण हॅम्बुर्गचे आहे. १९४० च्या आसपास तिथल्या सुखवस्तू घरांतली काही मुलेमुली केस वाढवत, इंग्रजी पद्धतीचे लांब कोट घालत, पाऊस नसताना छत्री घेऊन फिरत आणि जॅझच्या तबकड्या लावून नाचत. त्यांतल्या बहुतेकांना राजकारणात काडीचाही रस नव्हता, आणि म्हणूनच ती नाझी राजवटीला खुपली, कारण जिथे प्रत्येक तरुण शरीर राष्ट्राच्या मालकीचे मानले जाते तिथे निरर्थक नाचणे ही मालमत्तेची चोरी ठरते. ऑगस्ट १९४१ मध्ये तीनशेहून अधिक जणांना पकडण्यात आले, आणि जानेवारी १९४२ मध्ये हिमलरने आपल्या हाताखालच्या हायड्रिखला पत्र लिहून म्होरक्यांना दोन-तीन वर्षे छळछावणीत ठेवण्यास बजावले. युद्धाच्या ऐन भरात पोलीस यंत्रणेचा प्रमुख नाचणाऱ्या पोरांबद्दल पत्र लिहितो, यावरून त्या पोरांच्या धैर्याविषयी फारसे काही कळत नाही, पण त्या राजवटीच्या भीतीविषयी बरेच कळते. (अमेरिकेतल्या झूट सूटचे प्रकरण मी याच्या पंक्तीला बसवणार नाही. १९४२ मध्ये कापडावर युद्धकालीन निर्बंध आले असताना त्या घोळदार पोशाखाला उधळपट्टी म्हणण्यात थोडे तरी तथ्य होते. मात्र जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर सैनिकांनी मेक्सिकन वंशाच्या मुलांना मारहाण करून त्यांचे कपडे उतरवले, ते कापड वाचवण्यासाठी नव्हते.)

थिल्लरपणाचा तिरस्कार करणारे स्वतः गंभीर असतात, हा समज मात्र चीनमधल्या एका प्रसंगानंतर टिकत नाही. १० एप्रिल १९६७ रोजी बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात सांस्कृतिक क्रांतीच्या रेड गार्डांनी, म्हणजे माओच्या तरुण अनुयायांनी, राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांच्या पत्नी वांग ग्वांगमेइ यांना हजारोंच्या सभेपुढे उभे केले. आरोपांपैकी एक असा होता की १९६३ च्या इंडोनेशिया दौऱ्यात त्या नटूनथटून, अंगाबरोबर बसणारा रेशमी झगा आणि माळ घालून वावरल्या. शिक्षा म्हणून तोच झगा त्यांच्या अंगावर जबरदस्तीने चढवण्यात आला, पायांत उंच टाचांचे बूट घालण्यात आले आणि गळ्यात टेबल टेनिसच्या चेंडूंची माळ अडकवण्यात आली. ते चेंडू कुणीतरी आदल्या दिवशी बसून दोऱ्यात ओवले असतील, माळ पुरेशी हास्यास्पद दिसते की नाही ते हातात धरून पाहिले असेल. नटवेपणाविरुद्धच्या त्या क्रांतीत वेशभूषेकडे इतके लक्ष दिले गेले, आणि बळी पडलेल्या बाईपेक्षा तिच्यावर ओरडणाऱ्यांचाच सोहळा अधिक थिल्लर झाला. गांभीर्य आणि थिल्लरपणा हे एकमेकांच्या विरुद्ध टोकांना राहतात असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते एकाच घरात नांदतात, आणि कित्येकदा एकमेकांचे कपडे घालून बाहेर पडतात.

सत्तेला हसण्याची गोष्ट निघाली की पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहराचे नाव निघतेच, आणि ते निघायलाही हवे. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाल्यावर भिंतींवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्या जात, आणि त्यांवर लगोलग रंग फासला जाई. त्यामुळे शहरभर भिंतींवर रंगाचे पट्टे उमटले, आणि प्रत्येक पट्टा 'इथे काहीतरी लिहिलेले होते' एवढे तरी सांगत राहिला. १९८२ मध्ये वाल्देमार फिद्रिख आणि त्याच्या मित्रांनी या पट्ट्यांवर टोकदार टोपीतले बुटके काढायला सुरुवात केली. आता पोलिसांपुढे पेच उभा राहिला. घोषणेवर रंग फासणे हे कर्तव्य होते, पण परीकथेतल्या बुटक्यावर रंग फासताना दिसणारा शिपाई कसा दिसतो? 'ऑरेंज अल्टरनेटिव्ह' या नावाने ओळखल्या गेलेल्या या मंडळींनी पुढे टंचाईच्या काळात रस्त्यावर टॉयलेट पेपर वाटला, आणि १ जून १९८८ रोजी हजारो लोक नारिंगी टोप्या घालून शहराच्या मध्यभागातून चालत गेले. पोलीस अशांना पकडत, ठाण्यावर नेत आणि मग त्यांना अधिकृत कागदावर लिहावे लागे की सदर इसम बुटक्यांच्या बेकायदा जमावात सामील होता. हे वाक्य लिहिणारा अधिकारी आणि ते तपासणारा त्याचा वरिष्ठ, या दोघांच्या टेबलांमधल्या जागेत काहीतरी सैल झाले असणार.

इथपर्यंत आले की थिल्लरपणाची भक्ती सुरू करण्याचा मोह होतो: हसा, म्हणजे हुकूमशहा पडेल. हे खरे नाही. पोलंडमधली कम्युनिस्ट राजवट कर्जाने, संपांनी, सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने आणि मॉस्कोतल्या बदलांनी खिळखिळी झाली. बुटक्यांनी भीती कमी केली, एवढेच त्यांच्या खाती जमा धरता येते. अथेन्सचा अनुभव तर आणखी बोलका आहे. इसवी सनपूर्व ४२४ मध्ये ॲरिस्टोफेनिसने रंगमंचावर त्या काळचा सर्वात प्रबळ पुढारी क्लेऑन याची यथेच्छ चामडी सोलली. प्रेक्षक खदखदून हसले असणार, कारण नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले, आणि मग त्याच नागरिकांनी लवकरच क्लेऑनला सेनापती म्हणून निवडून दिले. पुढच्या वर्षी त्याच नाटककाराने सॉक्रेटिसला टोपलीत बसवून हवेत लोंबकळत ठेवला. ते नाटक स्पर्धेत शेवटचे आले, म्हणजे त्या दिवशी तो विनोद फसला. पण चोवीस वर्षांनी, इसवी सनपूर्व ३९९ मध्ये, सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस न्यायालयात उभा राहिला तेव्हा, प्लेटोने लिहून ठेवल्याप्रमाणे, त्याला समोरच्या फिर्यादींपेक्षा जुन्या अदृश्य फिर्यादींची अधिक धास्ती होती, आणि त्या संदर्भात त्याने या टोपलीतल्या सॉक्रेटिसाचा उल्लेख केला. हसवणाऱ्याच्या नेमाचा आणि फटका कुणाला बसतो याचा संबंध इतका सैल असतो. ताकदवानाची थट्टा योग्य आणि दुबळ्याची अयोग्य, हा सोपा नियम मला म्हणूनच अपुरा वाटतो. तो हेतू तपासतो, पण थट्टा नाट्यगृहाच्या बाहेर पडल्यावर तिचे काय झाले ते तपासत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न दिशेचा नसून हद्दीचा आहे. डच इतिहासकार योहान हुइझिंगा याने १९३८ मध्ये खेळावर लिहिताना हे नेमके पकडले होते. खेळाला जागा असते, वेळ असतो, नियम असतात, आणि आपण खेळतो आहोत याची जाणीव खेळणाऱ्याला असते. लहान मूल पूर्ण तल्लीन होऊन खेळते, पण हाक आली की उठते. याउलट त्या काळच्या युरोपात घोषणा, बिल्ले, संचलने आणि आरोळ्या यांचा जो सुकाळ माजला होता त्याला हुइझिंगाने खेळ म्हणण्यास नकार दिला आणि पोरकटपणा म्हटले, कारण तिथे गांभीर्य आणि खेळ यांची सरमिसळ झालेली होती आणि हाक मारायला कुणी उरलेले नव्हते. १९४२ मध्ये त्याच पोरकट लोकांनी, म्हणजे नाझींनी, त्याला स्थानबद्ध केले, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये, देश मुक्त होण्याच्या तोंडावर, तो वारला.

जुन्या समाजांना ही हद्द आखता येत होती. रोममध्ये सॅटर्नेलियाच्या दिवसांत गुलाम मालकाची टिंगल करी, कधी मालकच त्याला वाढी, आणि सण संपला की दोघे आपापल्या जागी परत जात. संस्कृत नाटकातला विदूषक राजाला काहीही बोलू शके, पण सिंहासनावर बसत नसे. यावर नेहमीचा आक्षेप असा की मग हा सगळा प्रकार म्हणजे वाफ सोडण्याची झडप झाली, दोन दिवस हसू द्यायचे म्हणजे वर्षभर राबवून घेता येते. आक्षेप अर्धा खरा आहे. पण फ्रान्समधल्या रोमां गावी १५८० च्या कार्निव्हलमध्ये कारागीर आणि शेतकरी यांनी सोंगे आणि नाच यांतून करांविषयीचा राग बोलून दाखवला, तेव्हा गावातल्या प्रतिष्ठितांनी ती झडप आहे असे मानले नाही. त्यांनी सोंगांचा शब्दशः अर्थ लावला आणि त्यांचा पुढारी पोमिए याला ठार केले. हद्द मोडली ती हसणाऱ्यांनी नव्हे.

हद्द राखून सत्तेपर्यंत गेलेल्या थिल्लरपणाचे मला माहीत असलेले सर्वांत नीटस उदाहरण आइसलँडचे आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या बँका काही दिवसांत कोसळल्या, आणि इतके दिवस गंभीर चेहऱ्याने आकडे सांगणारी सगळी माणसे एकदम उघडी पडली. २००९ मध्ये योन ग्नार या विनोदी नटाने 'बेस्ट पार्टी' काढली. तिची आश्वासने अशी: सर्व पोहण्याच्या तलावांवर मोफत टॉवेल, प्राणिसंग्रहालयाला ध्रुवीय अस्वल, आणि इतर पक्ष छुपा भ्रष्टाचार करतात तर आम्ही उघड करू. शिवाय ही आश्वासने पाळली जाणार नाहीत हेही आगाऊ सांगून टाकलेले. मे २०१० मध्ये राजधानी रेकयाविकच्या निवडणुकीत या पक्षाला ३४.७ टक्के मते आणि १५ पैकी ६ जागा मिळाल्या, आणि सोशल डेमोक्रॅटांशी आघाडी करून ग्नार महापौर झाला.

त्यानंतर जे घडले त्याला प्रसिद्धी कमी मिळाली. शहराच्या मालकीची वीज आणि गरम पाणी पुरवणारी कंपनी कर्जात बुडाली होती, आणि आधीच्या गंभीर मंडळींनी तो प्रश्न पुढे ढकलत आणला होता. विनोदी नटाच्या नगरपालिकेने दर वाढवले, कंपनीतली माणसे कमी केली, शाळांचे एकत्रीकरण केले आणि त्यासाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. महापौर स्त्रीवेषात मिरवणुकीत जाई, पण अंदाजपत्रक ही थट्टा होती असे तो म्हणाला नाही. चार वर्षे पूर्ण करून २०१४ मध्ये तो पुन्हा उभाही राहिला नाही. टॉवेलचे आश्वासन थट्टा म्हणून दिले गेले आणि थट्टा म्हणूनच राहिले. पाण्याचा दर खराखुरा वाढला आणि त्याची जबाबदारी कुणावर आहे हे सर्वांना ठाऊक होते. माझ्या म्हणण्यातली हद्द ती हीच.

आता हद्द नसलेला थिल्लरपणा. १९८९ ते १९९४ या काळात बोरिस जॉन्सन हा तरुण पत्रकार ब्रसेल्सहून लंडनच्या एका मोठ्या वृत्तपत्राला बातम्या पाठवी. युरोपीय समुदायाचे नियम किती हास्यास्पद आहेत हे रंगवून सांगणे हा त्याचा हातखंडा विषय, आणि त्या पठडीतल्या गोष्टींमध्ये वाकड्या केळ्यांची गोष्ट सर्वांत लाडकी ठरली. केळ्यांच्या प्रतवारीचा एक नियम १९९४ मध्ये खरोखरच झाला, त्यात प्रमाणाबाहेर वाकडेपणा नसावा असे शब्दही होते. पण तो कच्च्या केळ्यांच्या घाऊक व्यापारासाठी होता आणि खालच्या प्रतींना आकारातले दोष माफ होते. 'युरोपने वाकड्या केळ्यांवर बंदी घातली' हा त्याचा मस्करीतला अनुवाद. मस्करी म्हणून उत्तम. पुढे जॉन्सनने स्वतःच एका मुलाखतीत ब्रसेल्समधल्या त्या दिवसांची तुलना कुंपणापलीकडे दगड भिरकावून पलीकडच्या काचघराचा खळकन आवाज ऐकण्याशी केली. मे २०१६ मध्ये, ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे या सार्वमताच्या प्रचारात, तो पुन्हा केळ्यांवर आला: दोन-तीनपेक्षा जास्त केळ्यांचा घड युरोपच्या नियमामुळे विकता येत नाही. दुकानातल्या विक्रीला तो नियम लागूच नव्हता. चूक दाखवणारे अरसिक ठरले, कारण केळ्यावर खुलासा देणारा माणूस केळ्यावर विनोद करणाऱ्यापेक्षा नेहमीच अधिक हास्यास्पद दिसतो. पुढच्या महिन्यात मतदान झाले, आणि त्याचा निकाल थट्टा नव्हता.

हे तंत्र डाव्या-उजव्या कुणाही एकाची मक्तेदारी नाही, पण त्याचे वर्णन सर्वांत आधी आणि सर्वांत अचूक केले ते ज्यूद्वेषावर लिहिताना फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने, १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात. आपले बोलणे पोकळ आहे, त्याला आव्हान देता येईल, हे ज्यूद्वेष्ट्याला ठाऊक असते, असे तो म्हणतो. पण शब्द जबाबदारीने वापरण्याचे बंधन प्रतिपक्षावर असते, कारण त्याचा शब्दांवर विश्वास असतो. द्वेष्टा मात्र खेळत असतो. फार अडवले तर तो एकदम गप्प होतो आणि वाद घालण्याची वेळ निघून गेली असे सुचवतो.

या खेळाचे टोक रुआंडात पाहायला मिळाले. जुलै १९९३ मध्ये तिथे आर.टी.एल.एम. हे खासगी रेडिओ केंद्र सुरू झाले. सरकारी रेडिओ रटाळ होता. याच्यावर ताजी गाणी, निवेदकांचे चुटके, श्रोत्यांशी गप्पा, टोमणे. तरुण पोरे दिवसभर लावून ठेवीत. टुत्सी या अल्पसंख्य समाजाविषयीचे विनोद त्याच हलक्याफुलक्या सुरात येत, आणि एप्रिल १९९४ मध्ये हत्याकांड सुरू झाल्यावर माणसांची नावे आणि ठावठिकाणेही त्याच ओळखीच्या, हसऱ्या आवाजांत सांगितली गेली. सुमारे शंभर दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने आठ लाख माणसे मारली गेली. थट्टा कुठे संपली आणि हुकूम कुठे सुरू झाला हे ऐकणाऱ्याला कळणार नाही, अशीच त्या केंद्राची रचना होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये त्याच्या संस्थापकांना शिक्षा सुनावली, तेव्हा न्यायमूर्तींना त्या हसऱ्या गप्पांची भाषांतरे ओळीओळीने वाचावी लागली होती.

यावर उपाय म्हणून सार्वजनिक जीवनातून हसणेच हद्दपार करावे, असे सुचवणारी गंभीर माणसे प्रत्येक काळात भेटतात. प्लेटोच्या आदर्श नगरातल्या रक्षकांनाही फार हसण्याची मुभा नव्हती. मला या मंडळींचा धाक वाटतो, कारण गांभीर्य हेसुद्धा जबाबदारी टाळण्याचे उत्तम साधन आहे. आइसलँडच्या बँका बुडवणारे कुणी विदूषकाच्या टोपीत नव्हते. पुढारी थट्टा करतो याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार ही की थट्टेतले विधान त्याला दोन्ही खात्यांत जमा करायचे असते, टाळ्यांच्या वेळी धोरण म्हणून आणि अडचणीच्या वेळी गंमत म्हणून. पत्रकाराने, विरोधकाने, सभागृहाच्या अध्यक्षाने तिथे चिडू नये आणि खुलाशांच्या मागेही धावू नये. ही गंमत होती की प्रस्ताव, एवढे एकच विचारून उत्तर कागदावर घ्यावे. गंमत असेल तर ती कामकाजातून वगळावी, प्रस्ताव असेल तर खर्चाचा तक्ता मागावा. हे कंटाळवाणे आहे, आणि हसणारा जमाव त्या पत्रकाराच्या बाजूने राहील याची हमी नाही.

ब्रिटनच्या निवडणूक कायद्याने ही हद्द आखण्याचा एक मजेदार प्रयत्न केला. हौशी आणि टवाळ उमेदवारांना आळा बसावा म्हणून १९८५ मध्ये अनामत रक्कम १५० पौंडांवरून ५०० पौंड करण्यात आली. या टवाळांचा मेरुमणी होता उंच टोपी घालून फिरणारा, 'स्क्रीमिंग लॉर्ड सच' या नावाचा गायक. १९६३ मध्ये तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क हवा अशी त्याची मागणी होती. तीही तेव्हा टवाळीतच मोजली गेली, आणि १९६९ मध्ये संसदेने तसा कायदा केला. अनामत वाढल्यावरही तो पैसे भरत राहिला आणि गमावत राहिला. २४ मे १९९० रोजी बूटल मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. निवडणूक अधिकाऱ्याने निकाल वाचला त्यात सचच्या 'मॉन्स्टर रेव्हिंग लूनी' पक्षाला ४१८ मते होती, आणि माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या उरलेल्या गटाला १५५. दोघांचीही अनामत जप्त झाली. दोन आठवडे उलटण्याच्या आत, ३ जूनला, ओवेन यांच्या पक्षाने आपले काम बंद केल्याचे जाहीर केले. सच पुढच्या पोटनिवडणुकीचा अर्ज भरायला गेला.